शेवटून पहिला नंबर

रामकृष्ण : तुम्ही निघा ना, साहेब. मी आलोच मागून.

आबासाहेब : छे, छे. तू हो पुढे. आम्ही जरा विसावतो.

रामकृष्ण : मघाशी चहाच्या टपरीवर विसावलातच की. त्याआधी तळ्याकाठी.

आबासाहेब : तूही होतासच तिथे.

रामकृष्ण : मी तुमच्या मागे राहायला थांबलो होतो.

आबासाहेब : आणि आम्ही तुझ्या.

(बरुआसागरहून झाशीला येणारी सडक. ओरछा तिगैल्याच्या, म्हणजे तिठ्याच्या, अलीकडे, कडुलिंबाखाली दोन सायकली आणि दोन म्हातारे. महाराष्ट्र मंडळाची सायकल शर्यत सकाळीच सुटली होती. रामकृष्णला आज मुळीच घाई नव्हती. आबासाहेबांना ती असायला हवी, असं मात्र त्याला अगदी मनापासून वाटत होतं.)

रामकृष्ण : खरं सांगा, तुम्हाला तो कंदील हवाय.

आबासाहेब : कंदील? अरे, आमच्या आजोबांच्या दिवाणखान्यात झुंबरं होती. आम्ही काय करायचाय मंडळाचा कंदील?

रामकृष्ण : मग चला की.

आबासाहेब : चेन उतरलीय.

रामकृष्ण : चेन जागेवर आहे.

आबासाहेब : उतरेल. हिचा काही नेम नाही.

रामकृष्ण : साहेब, आपण रेल्वेत एकाच दिवशी लागलो. तुम्ही साहेब होऊन रिटायर झालात, मी बडे बाबू होऊन. माझी तक्रार नाही. मंडळाचे अध्यक्ष तुम्ही. गणपतीची पहिली आरती तुमची, पंगतीत पहिलं पान तुमचं. नाटकात राजा तुम्ही, पडदा ओढायला मी. आता कुठे असं एक बक्षीस निघालं, जे माझ्यासारख्यालाच मिळू शकतं. तर त्यालाही तुम्ही सायकल पुसून हजर.

आबासाहेब : शर्यत सर्वांना खुली आहे.

रामकृष्ण : सभेत तुम्हीच म्हणालात, शेवटच्याला बक्षीस म्हणजे आळसाला खतपाणी.

आबासाहेब : तेव्हा आम्हाला पूर्ण कल्पना नव्हती. मग मंडळातल्या त्या शमिकानं ते बर्फाच्या मुलखातल्या शर्यतींचं सांगितलं ना, कुत्री गाड्या ओढतात त्या. पहिला आलेला जेवूनखाऊन झोपला तरी तिथे कंदील जळत ठेवतात. शेवटची गाडी येते, तो माणूस आपल्या हातानं कंदील विझवतो, तेव्हा कुठे शर्यत संपली म्हणायची. त्याच्यावाचून संपतच नाही. मोठा मान आहे तो.

रामकृष्ण : मान दिसला, की तुम्ही आलातच.

आबासाहेब : सवय आहे रे. जात नाही.

रामकृष्ण : आयुष्यात एकदा माइकवर माझं नाव यावं, एवढंच वाटतं हो. घरी दुर्गेला बोललो, तर हसली. म्हणाली, शेवटचे तरी याल का, याचीसुद्धा मला खात्री नाही.

आबासाहेब : स्कूटर येतेय बघ.

रामकृष्ण : शमिकाच ती.

शमिका : अरे काका, तुम्ही दोघं इथे बसलात? मी कधीची ढूंढते आहे.

आबासाहेब : बाकीचे पोचले?

शमिका : सगळे. सदर बाजारात जेवण पण होऊन गेलं. पुरी, भाजी, श्रीखंड. टेंटवाले भैया खुर्च्या घेऊन गेले. माइक पण.

रामकृष्ण : माइकही?

शमिका : उनकी दूसरी बुकिंग थी, काका.

आबासाहेब : आणि कंदील?

शमिका : जळतोय ना. दुर्गाकाकू आहेत त्याच्याजवळ. हवेनं सारखा विझत होता, तर पदर आडवा धरून बसल्यात. मी बोलली, काकू, इतकी धूप आहे, दिवसा कंदील कोण बघतंय, घरी चला. तर म्हणाल्या, आमचे यायचेत अजून.

रामकृष्ण : दुर्गा म्हणाली असं?

शमिका : हो तर. जेवल्या पण नाहीत.

आबासाहेब : आमच्याकडचं कोण थांबलंय? मुलगा असेल, मकरंद.

शमिका : मकरंद भैया तर केव्हाच निघाले. मी विचारलं, आबा कुठे आहेत? तर बोलले, आबा ना? ते पहिले आले असतील, भाषण देऊन घरी पण गेले असतील.

आबासाहेब : असं म्हणाला.

शमिका : हो. आता चला ना प्लीज. कोण निघतंय पहिले?

आबासाहेब : आम्ही निघतो. रामकृष्ण, तू ये मागून. कंदील तुझाच आहे.

रामकृष्ण : थांबा, साहेब. बसा.

आबासाहेब : अरे, आता आम्ही आपणहून सोडतोय. कुरकुर कसली?

रामकृष्ण : कुरकुर नाही. माझं माणूस तिथे बसलंय. मी शेवटचा गेलो काय, मधलाच कुठलातरी गेलो काय, ती उठून पाणी देणारच.

आबासाहेब : आणि तुझा मान?

रामकृष्ण : तुम्ही सावकाश या. मी दुर्गेला सांगतो, विझू देऊ नकोस, अजून एकजण यायचाय.