एल्बाबाईंकडचं येणं

मिर्ता : दोन लाख पेसो? माझा वाटा तर बुडाला असंच मी धरून चालले होते. ती घरमालकीण एल्बाबाई देते होय!

यास्ना : दिले. तुझे दोन, माझे दोन. डिपॉझिट पुरतं परत.

मिर्ता : करार वर्षाचा, आणि आपण आठव्याच महिन्यात घर सोडलं. तेही माझ्यापायी. जिन्यात अडवून बजावलं होतं तिनं मला, की एक पेसो मिळणार नाही म्हणून.

यास्ना : मलाही तेच म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, मिर्ताचे वडील अंथरुणाला खिळलेत, ती त्यांच्यापाशी चिलोए बेटावर गेली, मला एकटीला भाडं झेपत नाही. ऐकेनात. मग मी नवीन भाडेकरूच शोधून नेले. बंदरावरचा एक क्रेनवाला नि त्याची बायको. घर आठ दिवसही रिकामं राहिलं नाही.

मिर्ता : मग तर द्यायलाच हवे होते.

यास्ना : तरी आज ये, उद्या ये चाललेलंच. चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. म्हटलं, पावतीवर दोघींची नावं आहेत, आता कोर्टात भेटू. तशा खाली बसल्या, तोंडावर हात धरला आणि म्हणाल्या, "पैसे नाहीत गं पोरी. दात करून घेतले."

मिर्ता : आपल्या डिपॉझिटचे?

यास्ना : वरची अख्खी कवळी. वर्ष संपेपर्यंत पेन्शनमधून भरून काढू, असा त्यांचा हिशेब. आपण आधीच निघालो.

मिर्ता : मग नव्या लोकांचं डिपॉझिट होतं की.

यास्ना : मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, "एकदा दुसऱ्याच्या पैशाला हात लावला, पुन्हा नाही." ते बँकेत ठेवलंय. शेवटी ठरलं, दर शनिवारी चाळीस हजार.

मिर्ता : दहा शनिवार तिच्या घरापर्यंतचा तो डोंगर चढलीस? आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

यास्ना : तू म्हणाली असतीस, सोडून दे. तुझा स्वभाव माहीत नाही का मला? पहिल्या शनिवारी मी चहासुद्धा नको म्हटलं, दारातच उभी राहिले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी माझ्या कोटाचं फाटलेलं अस्तर शिवून दिलं. मग बसायला लागले. पाव, ठेचलेला अवोकाडो, आणि बशीखाली नोटा. त्यांच्याकडे दुसरं कुणी येत नाही गं.

मिर्ता : बाबांच्या खोलीतल्या शेगडीचं धुराडं गळतंय. आता हिवाळ्याआधी नवीन बसवते. काठी घेऊन धक्क्यापर्यंत जातात हल्ली, पण रात्री गारठतात. यास्ना, तुझे उपकार...

यास्ना : उपकार कसले? बटाट्याची भाकरी वाढ आणखी एक.

मिर्ता : घे. आणि बाई काय म्हणाल्या शेवटी?

यास्ना : शेवटचे पैसे दिले, दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आता तुझं माझ्याकडे काही येणं नाही." मी म्हटलं, आहे की. पुढच्या शनिवारी. पाव मी आणते.