सभासदाने खुर्ची आपली आणावी

तात्या: ...आणि ती भिंतीला टेकवू नकोस. सफेती नवी आहे.

हेरंब: दुसरीकडे ठेवू कुठे, तात्या? खुर्ची आत आली आणि वहिनी चुलीपाशी सरकल्या, तेव्हा कुठे दार लागलं.

तात्या: गिरगावात जागा एवढीच मिळते. कोकणात तुम्हाला अंगण आहे, खळं आहे. खुर्ची तेवढी राहिली होती.

हेरंब: हौस नाही हो. आमच्या तालुक्याच्या कचेरीत खुर्च्या तीन, आणि लोकल बोर्डाचे सभासद नऊ. मामलेदारांनी सांगून टाकलं, सभासदाने खुर्ची आपली आणावी.

तात्या: नाही आणली तर?

हेरंब: तर सतरंजी. पण सतरंजीवरून बोललेलं वर पोचत नाही. मामलेदार वाकून बघतात, कोण बोलतंय म्हणून, आणि तोवर विषय संपतो.

वहिनी: भावजी, चहा घ्या. खाली ठेवते. खुर्चीवर कप ठेवला तर चालेल का, ते ठाऊक नाही मला.

तात्या: तिच्यावर काही ठेवू नकोस. सरकारी माणसाची खुर्ची आहे.

हेरंब: सरकारी कसला, निवडलेला.

तात्या: हो, निवडलेला. मी मॅट्रिक. तू मराठी चौथी. निवडलं कुणाला?

हेरंब: तुम्ही उभे कुठे राहिलात?

तात्या: कसा राहणार? उभं राहायला जमीन आपल्या नावावर लागते. मी मुंबईला आलो म्हणून माझा वाटा तुझ्या खात्यावर लावला. माझ्या भातशेतीवर तू सभासद झालास, हेरंबा. निदान माझा खालचा भाताचा कुणगा तरी बोर्डावर बसलाय, असं मी मनाशी म्हणतो.

वहिनी: भावजी, तुम्ही परवा आल्यापासून हेच म्हणणं चाललंय. झोपेतसुद्धा.

तात्या: तू भाकरीकडे बघ.

हेरंब: तात्या, रागावू नका, पण मी आलोय ते तुमच्याकडून शिकायला. परवाच्या बोटीनं परतायचं, लगेच सभा. या वेळी एक विहीर उरलीय. एकच. ती आपल्या वाडीला मिळवायची तर मला नीट बसता आलं पाहिजे.

तात्या: बसता येत नाही?

हेरंब: गेल्या सभेला शाळामास्तरांची खुर्ची नेली होती. जन्मात पहिल्यांदा बसलो. बसल्याबरोबर मांडी कधी घातली गेली, कळलंच नाही. दोन्ही पाय मेले. पहिली विहीर पल्याडच्या गावाला द्यावी असं कुणीसं म्हणालं. मी हरकत घ्यायला उठलो. मी उठलो, पाय उठले नाहीत. पडलो तो मामलेदारांच्या पायाशीच.

तात्या: मग?

हेरंब: कारकुनानं लिहून घेतलं, आपल्या वाडीच्या सभासदांनी साष्टांग संमती दिली.

वहिनी: अगंबाई.

हेरंब: सासूबाई तुमच्या, आमची काकू, अजून घागर घेऊन ती घाटी उतरतात. दुसऱ्या कुणी आणलेलं पाणी त्यांना सोवळ्यात चालत नाही. मला दारातून जाताना बघतात आणि विचारतात, हेरंबा, बसायला शिकलास का रे?

तात्या: आई असं विचारते?

हेरंब: वर म्हणतात, आमच्या तात्याला विचार. तो मुंबईत कोटातल्या हपिसात साहेबाशेजारी खुर्चीवर बसतो.

(चुलीपाशी भांडं जरा जोरात आपटतं.)

तात्या: वेताची आहे ना ही? मी गाड्यावरून उतरवताना पाहिली नाही नीट.

हेरंब: वेताची. दोन हातांची. पाठ किंचित मागे कललेली. तुम्ही शिमग्याला आला होतात तेव्हा ओटीवर बसून वर्णन केलं होतंत, तशीच. दुकानदारानं पाच दाखवल्या. मी म्हटलं, आमच्या तात्यांची आहे तशी दाखव.

तात्या: माझ्या खुर्चीसारखीच घ्यायची काय गरज होती?

हेरंब: दुसरी कुठली ठाऊक होती मला?

तात्या: माणसाला एक खुर्ची असते, तीसुद्धा लोकांना बघवत नाही.

हेरंब: उद्या तुमच्या हपिसात येतो. शेजारी शेजारी ठेवून बघू, फरक पडतो का.

तात्या: साहेबाला चालत नाही. खुर्च्यांची मोजदाद असते तिथे. एक जास्त झाली तर पोलीस बोलावतात.

हेरंब: बरं, मग इथेच दाखवा. बसा.

तात्या: मी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसत नाही. तू बस.

हेरंब: तुमच्यासमोर? तुम्ही थोरले. तुम्ही घोंगडीवर आणि मी वर बसू? दुकानातसुद्धा बसलो नाही, म्हटलं, थोरल्यांच्या आधी कसं बसू?

तात्या: न बसता घेतलीस?

हेरंब: दुकानदार बसला. बरी आहे म्हणाला.

वहिनी: चहा गार झाला. तुम्ही दोघं खाली, ती वर. कुणी बघितलं तर म्हणेल, पूजा मांडलीय.

तात्या: तोंडानं सांगतो. ऐक. आधी खुर्चीकडे पाठ करायची.

हेरंब: केली.

तात्या: मग गुडघे सैल सोडायचे आणि मागे न बघता खाली यायचं.

हेरंब: खुर्ची तिथेच आहे हे कसं समजायचं?

तात्या: साहेब बघतो का मागे? भरवसा ठेवायचा.

हेरंब: बरं. हात?

तात्या: हात पुढच्या मेजावर.

हेरंब: कचेरीत मेज मामलेदारांपुढेच आहे.

तात्या: मग... मग उजव्या पायावर भार घ्यायचा. तासाभरानं डाव्या. भिंत जवळ असेल तर साहेबाची पाठ वळली की टेकायचं.

हेरंब: बसल्यावर पायावर भार कशाला येईल?

तात्या: येतो. तुला ठाऊक नाही.

वहिनी: येतो हो भावजी. रोज संध्याकाळी यांच्या पोटऱ्यांना तेल चोळते मी. दगड होतात नुसत्या.

हेरंब: बसून?

वहिनी: ...भाकरी करपते वाटतं.

हेरंब: तात्या, त्या हपिसात मेजं केवढी उंच असतात?

तात्या: छातीएवढी.

हेरंब: हां.

तात्या: सगळे नेटिव कारकून तसेच लिहितात. त्यात काही विशेष नाही. अकरा जण आहोत.

हेरंब: हां.

तात्या: नुसतं हां हां करू नकोस. गावभर सांग जा. सांग, तात्याला खुर्ची नाही. बोर्डात ठराव आण.

हेरंब: मी बोर्डावर का उभा राहिलो, ठाऊक आहे तुम्हाला?

तात्या: विहिरीसाठी, म्हणालास ना.

हेरंब: विहिरीचं नंतर कळलं. तुम्ही ओटीवर ते वर्णन केलंत त्या रात्री मला झोप नाही. पंगतीत सगळे तुमच्याकडे तोंड करून जेवले. वाढपी आमटी घेऊन आधी तुमच्याकडे. म्हटलं, आपल्याला ह्या जन्मात खुर्ची कुठे मिळेल? तर मास्तर म्हणाले, लोकल बोर्डात.

तात्या: माझ्या खुर्चीवर जळून तू निवडून आलास?

हेरंब: एकवीस मतांनी.

तात्या: नसलेल्या खुर्चीवर?

हेरंब: मला काय ठाऊक, नाही म्हणून.

वहिनी: आणि हे परवापासून भावजींच्या खुर्चीवर जळतायत. एकाला नाही, दुसऱ्याला बसता येत नाही. विहिरीचं तेवढं बघा. घाटी उतरते ती माझी सासू आहे.

तात्या: सभा किती वेळ चालते?

हेरंब: दुपारभर.

तात्या: त्यात काय आहे? मी दिवे लागेपर्यंत उभा असतो. हेरंबा, तू बसूच नकोस.

हेरंब: मग ही?

तात्या: शेजारी ठेव. स्वतःची खुर्ची असून जो माणूस उभा राहतो, त्याला विचारल्याशिवाय मामलेदाराला चैन पडायची नाही. ऊठ. पावलं जरा फाकव. गुडघा ताठ नको, घेरी येते. अंगठे अधूनमधून हलवायचे, वहाणेतल्या वहाणेत, कुणाला दिसत नाही.

हेरंब: असे?

तात्या: असे. हनुवटी वर. आता बोल.

हेरंब: कुणाशी बोलू? भिंतीशी?

वहिनी: थांबा, हात पुसते. सरका बघू. बसले. बोला, कोणत्या वाडीचे आपण?

हेरंब: वहिनी, मागे न बघता बसलात.

वहिनी: खोलीत दुसरं आहे काय बसायला? बोला.

हेरंब: रावसाहेब, आमच्या वाडीची माणसं पाण्याला घाटी उतरतात. म्हाताऱ्यासुद्धा. पल्याडला दिली ती विहीर मी संमती दिली म्हणून नव्हे, मी पडलो म्हणून दिली.

तात्या: हे चांगलं आहे. इतकं चांगलं कशाला बोलतोस? जरा अडखळ.

हेरंब: पाय तर अगदी जिवंत आहेत, तात्या.

तात्या: असणारच. नऊ वर्षांचा अभ्यास आहे माझा. आईला काय सांगशील?

हेरंब: काय सांगायचं? तात्यांनी खुर्चीवर कसं बसायचं ते शिकवलं.

वहिनी: मग इकडून निदान एकदा टेकून तरी बघावं. मी उठते.

तात्या: राहू दे. तू बस. त्याचं बोलणं व्हायचंय अजून.