काठोकाठ पेला

झामाल : बघ, ऊन निघालंय, पण घाई नाही त्याला. आधी सरोवरापलीकडच्या बर्फावर टेकलं. मग जर्दाळूच्या शेंड्यावर. आता कुंपणावर वाळत घातलेल्या लोकरीत शिरलंय, केस न् केस मोजत असल्यासारखं. उंबऱ्याशी यायचं बाकी आहे. येईल. आपला चहा होईस्तोवर येईल.

एर्मेक : आई, कालही तू हेच सांगितलंस.

झामाल : कालही आलं होतं? मग चांगलंच की!

चिनार : ऐकलंस, दादा? तिकडे राजधानीत, बिश्केकच्या प्रयोगशाळेत उंदरांचे मेंदू तपासतोस, आणि इथे—

एर्मेक : चिनार, गेल्या महिन्यात तिच्या छातीत संसर्ग झाला होता. अशा वेळी शरीराचे राखणदार खवळतात, त्याची धग मेंदूपर्यंत पोचते. या वयात भ्रम होतो. ओसरेल.

चिनार : ताप गेल्या महिन्यातला. तिने किटली बर्फात पुरली ती गेल्या हिवाळ्यात.

झामाल : कोण खवळलंय रे?

एर्मेक : कुत्री, आई. मेंदूतही राखणीची कुत्री असतात असं समज. घाण खाऊन कुरण स्वच्छ ठेवतात. पण चिकट गाळ साचत गेला, की वर्षानुवर्षं भुंकत सुटतात. शेवटी आपल्याच कोकरांना चावतात.

झामाल : मग मारतोस त्यांना?

एर्मेक : नाही. शांत कसं करायचं, तेच शोधतोय.

झामाल : मारू नकोस. वरच्या कुरणात आपला एक होता. लांडगा पळाला तरी दुपारपर्यंत दात विचकायचा. तुझे वडील शेजारी बसून नुसतं त्याचं नाव घेत राहायचे. निवायचा बिचारा.

चिनार : घे! दहा वर्षांचं तुझं संशोधन, आईने चहाआधी आटपलं.

एर्मेक : लिहूनच ठेवतो.

चिनार : त्याखाली विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळही लिही. सोमवारची आहे. माझं ऐकत नाही ती. म्हणते, माझा एर्मेक सांगेल तेव्हा येईन.

एर्मेक : सांगण्यासारखं काही झालेलंच नाही.

झामाल : घ्या. जपून, गरम आहे.

(पेला काठोकाठ भरलेला. एर्मेक तो दोन्ही हातांत धरून तसाच बसला आहे.)

चिनार : अगं आई, एवढा? अर्धाच ओतायचा, म्हणजे माणूस पुन्हा मागतो, बसून राहतो, हे तूच शिकवलंस ना?

झामाल : घरच्या माणसाला अर्धा. यांना लांब जायचं असेल. भरला पेला दिला की पाहुण्याला उठायला संकोच वाटत नाही.

चिनार : दादा... हात चुकला असेल तिचा.

एर्मेक : आईचा हात चहा ओतताना कधी चुकलाय?

झामाल : आलं बघा ऊन उंबऱ्याशी! तुमची आई वाट बघत असेल ना?

एर्मेक : बघत असेल. थोडा वेळ बसलो तर चालेल?

झामाल : बसा की. ऊन आत्ता तर आलंय.

एर्मेक : चिनार, सोमवारी तिला आपण दोघं नेऊ. आईला अल्झायमर झालाय.