थांबा क्रमांक बारा

मास्तर : ...म्हणून सांगतो वहिनी, हे पत्रक हातात दिलं तर आंधळासुद्धा आपलं अख्खं गाव एकट्याने फिरून येईल. वाटाड्या नको, विचारपूस नको. चौकात सुरुवात, बारा थांबे, आणि शेवट इथे धक्क्यावर, ह्या बाकावर, तुमच्या कोळंबीच्या गाडीसमोर. पंचेचाळीस मिनिटं. घड्याळ लावून तीनदा चाललोय मी.

तोमासा : कामारेनाबाई चौकातून किती वाजता निघाल्या?

मास्तर : दहाला.

तोमासा : आत्ता पाऊण वाजलाय.

मास्तर : रसिक असेल. रेंगाळत असेल.

तोमासा : पावणेतीन तास? आपल्या गावात? इथे देवसुद्धा एवढा रेंगाळत नाही भावजी. रविवारी येतो नि जेवायच्या आत निघून जातो.

मास्तर : तुम्हाला थट्टा सुचतेय. राजधानीहून, पर्यटन खात्यातून आलेली बाई आहे ती. शेवटच्या थांब्यावर तिने अहवालावर सही केली की संध्याकाळी नगराध्यक्ष मला गावाचा बखरकार जाहीर करणार. मरेपर्यंतचं पद. नगरपालिकेत तसबीर. चार वर्षं तो खिळा रिकामा आहे.

तोमासा : म्हणून ही लग्नातली पांढरी विजार काढलीत होय. आणि नाही सही झाली तर?

मास्तर : तर तो बार्रागान. दात उपटणारा. जन्मभर लोकांच्या तोंडात बघत बसलेला माणूस, तो काय गावाचा इतिहास लिहिणार? दीपगृह माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत बांधलं, आणि हा म्हणतो चाच्यांनी बांधलं. चाचे दिवा लावून चोरी करायचे का?

तोमासा : आणा बघू ते पत्रक. थांबा, चष्मा घालते. हं. ‘थांबा तीन. बँडस्टँडकडे पाठ करून अल्हाम्ब्रा टॉकीजपर्यंत सरळ चालावे.’ भावजी, अल्हाम्ब्रा जळून तीस वर्षं झाली.

मास्तर : एकतीस. पण कुठे होती ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तोमासा : आपल्या शेंबड्या पोराला. राजधानीतल्या बाईला? ‘थांबा पाच. डॉक्टर किरोस यांच्या बदामाखालून डावीकडे वळावे.’ डॉक्टर गेले, बदाम गेला, आणि मागच्या वादळात डावीकडचा रस्ताही गेला. ‘थांबा सात. पावाचा खमंग वास येईल तिथे थांबावे.’ तिथे टायरवाला बसतो. ती बाई अजून वास घेत उभी असेल.

मास्तर : मी इतिहास लिहिलाय. टायर नाही लिहिले. आणि छापायच्या आधी दाखवलं होतं तुम्हाला. छान आहे म्हणालात.

तोमासा : चष्मा नव्हता.

मास्तर : मग सांगायचं, वाचता येत नाहीये.

तोमासा : तुम्ही एवढ्या हौसेने आलेले. नाही कसं म्हणू?

मास्तर : असो. अडलंच तर विचारेल कुणालातरी.

तोमासा : कुणाला? ‘मला माहीत नाही’ असं ह्या गावात कधी कुणी म्हणालंय का? रस्ता विचारा, प्रत्येक जण सांगतो. माहीत असलेला एकदा सांगतो, नसलेला दोनदा सांगतो.

मास्तर : ती आपली सभ्यता आहे. आई म्हणायची, दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये. रस्ता विचारणाऱ्यालाही नाही.

तोमासा : हो ना. म्हणून सासूबाईंनी त्या देवळात निघालेल्या नवऱ्या-नवरीला कत्तलखान्यात पाठवलं.

मास्तर : आशीर्वाद देऊन पाठवलं. तोंडावर नाही म्हणणारी माणसं तिकडे उत्तरेत राहतात. जहाजातून उतरतात ती. नाकाला पांढरं मलम, कमरेला पाण्याची बाटली, आणि दर दुकानात ‘नको, नको’. ती काय माणसं आहेत? आणि मी काही नुसत्या पत्रकावर भिस्त ठेवलेली नाही. फरसबंदीवर निळे मासे काढून घेतलेत. माशाचं तोंड जिकडे, तिकडे चालायचं. चेमा रंगाऱ्याने परवा काढले. आज सकाळी हे बाकही त्यानेच हिरवं केलं. वाळलं का म्हणून विचारलं, ‘केव्हाच’ म्हणाला, मग बसलो. मी सगळं विचारून करतो, वहिनी.

तोमासा : तो बघा, बाईला शोधायला धाडलेला तुमचा उबाल्दो येतोय. एकटाच आहे.

(हवालदार उबाल्दो सायकल ढकलत येतो.)

उबाल्दो : नमस्कार मास्तर. तोमासाबाई, एक ग्लास कोळंबी द्या. तिखट जास्त, लिंबू दोन.

तोमासा : आधी बाईचं बोल.

उबाल्दो : सदर बाई सापडल्या असंही म्हणता येईल, आणि नाही असंही. क्रमाने सांगतो. दहा वीसला सदर बाईंनी चौकातल्या बूटपॉलिशवाल्याला विचारलं, अल्हाम्ब्रा टॉकीज कुठे. त्याने मासळीबाजार दाखवला.

मास्तर : का?

उबाल्दो : टॉकीज जळली तेव्हा तो दोन वर्षांचा होता म्हणतो. पण बाई घामाघूम दिसल्या, त्यांना निराश करवेना. मासळीबाजारातून बाई माशांच्या मागे लागल्या. म्हणजे तुमच्या, रंगवलेल्या.

मास्तर : बघा वहिनी. मासे चुकवणार नाहीत.

उबाल्दो : मासे वाढलेत, मास्तर. तुमचे चाळीस होते. आज शंभराच्या वर आहेत. ज्या ज्या दुकानदाराने मागितला, त्याला चेमाने एकेक काढून दिला, तोंड त्याच्या दाराकडे करून. त्याला नाही म्हणवत नाही.

तोमासा : मग?

उबाल्दो : मग बाई हार्डवेअरमध्ये गेल्या. एक कुलूप घेतलं. का घेतलं त्यांनाही सांगता येईना. पुढचा मासा शवपेट्यांच्या दुकानाचा. तो जरा तिरका आलाय. त्यामुळे बाई शेजारच्या घरात शिरल्या, लिब्रादो कोळ्याच्या. तिथे त्याच्या नवव्या दिवसाची प्रार्थना चालली होती. बाईंना तो थांबा आठ वाटला.

मास्तर : थांबा आठ जुना जकात नाका आहे.

उबाल्दो : बाईंनी वही काढली. लिब्रादोच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या मोजल्या. मग विधवेला विचारलं, हे रोज किती वाजेपर्यंत उघडं असतं?

तोमासा : अग आई.

उबाल्दो : बायकांत कुजबुज झाली, ही कोण? कुणीतरी म्हणालं, राजधानीची आहे. लिब्रादोची एक होती ना राजधानीत.

तोमासा : दोन होत्या.

उबाल्दो : विधवेने आधी मक्याच्या पिठाचे दोन तामाले वाढले. ते खाऊन झाल्यावर एक कानाखाली दिली. उपाशीपोटी त्या घरातून कुणाला काढत नाहीत.

मास्तर : आणि तू? तू काय करत होतास?

उबाल्दो : मी बाहेरच होतो. बाई गाल धरून आल्या, पत्रक दाखवलं नि विचारलं, मी बरोबर चाललेय ना? मी म्हटलं, अगदी बरोबर.

मास्तर : चौथीत तुला तीनदा बसवला, तो उगाच नाही.

उबाल्दो : त्यापुढचा मासा बघून बाई गेल्या तर दारावर बाराचा आकडा. बाईंना हायसं वाटलं. आत गेल्या, खुर्चीवर बसल्या. बार्रागानसाहेबांची खुर्ची.

मास्तर : बार्रागानचं घर चौदा नंबर आहे.

उबाल्दो : कालपर्यंत होतं.

तोमासा : आणि त्याने सुजलेला गाल पाहिला.

उबाल्दो : खालची दाढ काढली. चांगली होती दाढ, मी बघितली. बाईंनी कागदावर लिहून सांगितलं, डॉक्टर इतक्या मायेने ‘तोंड उघडा’ म्हणाले, नको म्हणणं बरं दिसेना.

मास्तर : अहवाल, उबाल्दो. अहवालाचं काय झालं?

उबाल्दो : तिथेच सही केली. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. ‘शेवटचा थांबा कायम लक्षात राहील, यजमान गावाचा खरा जाणकार आहे,’ असं लिहिलंय. साडेबाराच्या बसने गेल्या. नगराध्यक्षांनी फोटोवाल्याला बार्रागानसाहेबांकडे पाठवलंय.

तोमासा : भावजी. हा ग्लास घ्या. तिखट कमी घातलंय.

मास्तर : नको.

तोमासा : बघा, जमलं की तुम्हाला.

मास्तर : सहा वर्षं, वहिनी. एकेका दगडाची तारीख शोधली. दमट तळघरात बसून दप्तरं वाचली, खोकला लावून घेतला. आणि खिळ्यावर कोण, तर बत्तीशीवाला. नाही. मी जाणार. आत्ता जाणार. नगराध्यक्षाच्या तोंडावर सांगणार की तू गाढव आहेस, बार्रागान चोर आहे आणि ती सही रद्द कर. सरळ ‘नाही’ म्हणणार. उबाल्दो, सायकल दे.

उबाल्दो : घ्या, मास्तर.

तोमासा : मग उठा ना.

मास्तर : उठतोय.

तोमासा : उठा की.

मास्तर : वहिनी, चेमा नक्की ‘केव्हाच’ म्हणाला होता.

उबाल्दो : एक वाजून पाच मिनिटं. मास्तर नगरपालिकेकडे रवाना. विजारीचा मागचा भाग थांबा क्रमांक बारावर.