पोपटीबरोबर मर्लो

काळुराम : थुंकायची? पेणपास्नं रोह्यापर्यंत एसटीत छातीशी धरून आणलीस बाटली, नि आता थुंकायची म्हणतोस?

मितेश : चाखताना थुंकतात, काका. नाशकात आम्ही दिवसाला तीस-चाळीस वाइन चाखतो. सगळ्या गिळल्या तर घरी कोण पोचवणार?

प्रणिता : बाबा, आधी वास घ्या ना.

काळुराम : तू गप गो. तुझं नाक कधीच त्याच्या बाजूला गेलंय. दारू करणाऱ्याला पोरगी देणार नाय, हे मी दिवाळीतच सांगितलंय. आज वालाच्या शेंगांची पोपटी लावलीय मडक्यात, म्हणून याला बसवून घेतलाय.

मितेश : म्हणूनच आणली. सत्तर टक्के मर्लो जातीची द्राक्षं, बाकी शिराज. हे मिश्रण मी ठरवलेलं, पहिल्यांदाच. तुम्हाला नाही पटलं, तर लग्नाचा विषय पुन्हा काढणार नाही.

प्रणिता : ए, असं कुठं ठरलं होतं आपलं?

काळुराम : बघ, घाबरली! आण तो पेला.

प्रणिता : स्टीलचा नको, रंग दिसत नाही.

काळुराम : रंग बघायला मी काय साडी घेतोय? ...हं. जांभूळ. झाडाखाली पडलेलं, पिकलेलं. मागनं जरासा धूर.

मितेश : तो आतून भाजलेल्या लाकडी पिंपाचा! हे ओळखायला मला वर्ष लागलं, काका.

काळुराम : मडकं न उघडता वासावर सांगतो मी, आतला वाल शिजलाय का नाय. धूर मला शिकवू नको.

(काळुराम घोट घेतो. थुंकत नाही. वालाची शेंग सोलून खातो, पुन्हा घोट घेतो.)

प्रणिता : बोला ना बाबा, जीव टांगणीला लागलाय.

काळुराम : शेंगेसंग बरी लागते. पण शेवटाला जीभ आवळते, कच्च्या करवंदावानी. मितेश, तुझा बाप गणपती करतो ना? ओल्या मूर्तीला रंग लावतो काय?

मितेश : नाही लावत.

प्रणिता : रेड वाइन तुरटच असते, बाबा. हो की नाही रे? सांग की!

मितेश : असते, पण इतकी नाही. काका बरोबर बोलतायत. अजून पिंपात राहायला हवी होती. पोपटीचे दिवस संपायच्या आत इथं यायचं होतं, म्हणून दोन बाटल्या आधीच भरून घेतल्या. घाई झाली माझी.

प्रणिता : झालं! हे कबूल करायची काय गरज होती?

काळुराम : व्हती गो. 'अशीच असते' म्हणाला असता, तर शेंगा बांधून देऊन वाटेला लावला असता त्याला. दुसरी बाटली कुठाय?

मितेश : पिशवीत आहे.

काळुराम : ती कधी मऊ होईल?

मितेश : चारेक महिन्यांनी. थंड जागी, आडवी ठेवायची.

काळुराम : कणगीच्या मागं ठेव. चार महिने म्हणजे वैशाख आला... प्रणिता, पंचांग आण गो.