मणीला थंडी झेपेल का?

चेन्नईत, एग्मोरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मराठी जोडपं बसलं होतं. पायाशी आखूड केसांचा गावठी कुत्रा होता, मणी. बँकेनं नवऱ्याची बदली सिमल्याला केली होती. बोलायला त्यानंच सुरुवात केली.

“जयवंती, मणीला तिथली थंडी झेपायची नाही. त्याला इथेच ठेवू.”

“खरंय. तुम्हाला मात्र झेपेल. चेन्नईच्या डिसेंबरात कानटोपी घालून दूध आणायला जाता ना!”

“माझं सोड. त्याचे केस बघ किती आखूड आहेत.”

“तुमच्या डोक्यावर तेवढेही नाहीत.”

“बर्फात कुडकुडेल गं बिचारा.”

“बिचारा? काल सोफ्यावर चढला, तेव्हा याच बिचाऱ्याला चप्पल फेकून मारलीत.”

“वॉचमन सांभाळतो म्हणालाय.”

“कोण, याला बघून गेटबाहेर पळतो तो?”

“आणि डॉक्टरही नको म्हणाले तर?”

“तर मीही इथेच राहते. सात वर्षं माझ्या पायाशी झोपलाय तो. तुम्ही जा आणि एकटे बर्फ बघत बसा.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. दहा मिनिटांनी तिघं बाहेर आली.

“ऐकलंत ना? जाड कोट घालायचा, बाहेर फार वेळ ठेवायचं नाही आणि घरात उबेला झोपवायचं.”

“अगं, पण तिथे खोली एक, हीटर एक.”

“मग हीटरजवळ मणी झोपेल.”

“आणि मी?”

“अगंबाई, तुमचं विचारायचं राहिलंच! थांबा, डॉक्टर आतच आहेत.”