तुझ्या वर कोण?

...आणि वर मलाच विचारतात, "बारा माणसं गेली कुठे?" अहो, मी काय खिशात घालून घरी नेली? तुम्हाला सांगतो, मी कंपनीचे रिपोर्ट बनवतो, माणसं नाही!

त्याचं काय आहे, आमच्याकडे साहेबाच्या खाली साहेब, त्याच्या खाली आणखी साहेब, असं झाड. आणि कॉम्प्युटरमधलं टेबल सपाट, नुसत्या ओळी नि रकाने! त्यात झाड मावणार कसं? ते मला बाईंनी शिकवलं. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. पहिल्याच दिवशी माझ्या खुर्चीमागे उभ्या, चष्मा कपाळावर... "अरे, झाडाच्या नादी नको लागूस. प्रत्येक ओळीला एकच विचार, तुझ्या वर कोण? त्याचा नंबर शेजारच्या रकान्यात लिही. झाड आपोआप उभं राहतं." सोळा वर्षं मी तेवढंच विचारतोय हो, तुझ्या वर कोण?

गेल्या महिन्यात बाई गेल्या. रविवारी फोनवर मला चांगल्या झापत होत्या, मंगळवारी नाहीत. आणि तो भरती खात्याचा माणूस, नाकात बोलतो मेला, "त्यांची ओळ तेवढी काढून टाका हं." काढली. मीच काढली, याच बोटांनी! झालं, त्यांच्या हाताखालची बारा माणसं रिपोर्टमधून गडप! कारण रिपोर्ट प्रत्येकाला धरून वर वर चढतो, मालकापर्यंत पोचला तरच माणूस मोजतो, आणि इथे मधली पायरीच नाही...

बाईंच्या वरचे साहेब गरजले, "सगळ्यांना माझ्याखाली टाक!" अकरा जणांना पटापट टाकलं. बारावा मी. बोटच चालेना! तुझ्या वर कोण? सांगा ना, काय लिहू? शेवटी चिडून माझ्या वर माझाच नंबर ठोकला. मग काय! रिपोर्ट विचारतो, याच्या वर कोण? हाच. आणि याच्या वर? हाच! दुपारपर्यंत नुसता गरागरा फिरतोय, सगळं ऑफिस हातावर हात धरून बसलंय, आणि मी पन्नाशीचा घोडा पडद्यासमोर ढसाढसा रडतोय!

साहेब आले. माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतःच आपला नंबर टाकला. रिपोर्ट धावला, बेरीज जुळली. "बघ," म्हणाले, "एकही माणूस कमी नाही!"

नाही ना? बरं. रिपोर्टच म्हणतोय म्हटल्यावर आपण कोण बोलणार!